कोरी दीड ओळ

बसथांब्याच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर तिला आपलंच अक्षर दिसलं, आणि हातातली भाजीची पिशवी तिने उगाचच दुसऱ्या हातात घेतली. अक्षर तरी कसलं, चारचौघांना ती नुसती वेलबुट्टी वाटावी. तिरप्या रेघा, अर्धवट वळणं, मधूनच एखादा ठिपका. पण लघुलिपीतलं आपलं अक्षर माणूस आपल्या खोकल्यासारखं ओळखतो. वहीचं एक पान मोठं करून छापलं होतं, इतकं मोठं की पेन्सिलीचा दाबही दिसावा. पानाच्या मधोमध दीड ओळ कोरी होती आणि त्या कोऱ्या जागेभोवती कुणीतरी लाल वर्तुळ काढलं होतं. खाली ठळक अक्षरांत मजकूर: ‘काचकारखान्याचा संप मोडणारं बोलणं या जागी झालं. बोलणाऱ्याचं नाव कुणी लपवलं? त्यानंतर वर्षभरात फोरमनची खुर्ची कुणाला मिळाली?’ शेजारी हेल्मेट काखेत धरून एक माणूस उभा होता. “काय कोंबडीचे पाय काढलेत!” तो म्हणाला. तिला राग आला. सत्त्याहत्तर वर्षांत तिच्या अक्षराला कुणी नाव ठेवलं नव्हतं. “वाचता येत नसेल तर तसं म्हणावं,” ती म्हणाली, आणि बस आली तरी चढली नाही. घरापर्यंत चालत गेली. वाटेत दर खांबावर तेच पान, तीच कोरी जागा. आपल्या अंगावरचं कापड कुणीतरी भर रस्त्यात वाळत घातलं आहे असं तिला वाटत राहिलं.

कागद कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. वह्या तिनेच नातीला दिल्या होत्या, गेल्या हिवाळ्यात, कपाट आवरताना. नात सात वर्षांची असताना सुट्टीत तिने तिला ही लिपी शिकवली होती, गुप्त लिपी म्हणून, दोघींनी मिळून घरातल्या सगळ्यांची नालस्ती करायला. चोवीसाव्या वर्षी त्या पोरीने जुनं पुस्तक मिळवून ती पक्की केली आणि युनियनच्या बारा वह्या महिनाभरात वाचून काढल्या. दिवसा ती एका मोठ्या गोदामात काम करायची आणि उरलेला वेळ गोदामवाल्यांची युनियन बांधण्यात घालवायची. “आजी, तुझ्या वह्यांत माणसं बोलतात गं,” ती म्हणाली होती, आणि म्हातारीला त्या दिवशी जेवणसुद्धा गोड लागलं होतं. सेहेचाळीस वर्षांपूर्वी काचकारखान्याच्या युनियनमध्ये तिला सगळे टिपणबाई म्हणत. शंभर माणसं एकदम बोलत असली तरी टिपणबाईच्या वहीतून कुणाचा शब्द निसटायचा नाही. तिला शिकवणारे मास्तर म्हणायचे, “खोलीत तुम्ही नाही. तुमचा हात आहे फक्त.” हे वाक्य तिने इतकं मनावर घेतलं की पुढे लग्नाच्या फोटोतही ती अशी उभी राहिली, की जणू दुसऱ्या कुणाच्या लग्नाला आली आहे.

मुलगा मंगळवारी येतो, नात शुक्रवारी. हे वेळापत्रक कुणी ठरवलं नव्हतं, पडून गेलं. मुलगा नगरसेवक, आणि ज्या पक्षाचा, त्या पक्षाचं नाव त्याच्या बापाने घरात जेवताना घेऊ दिलं नसतं. दोन वर्षांपूर्वी निवडणुकीत नातीने त्याच्या विरोधकाची पत्रकं वाटली, त्याच्याच वॉर्डात, त्याच्याच दारात. लोकांनी विचारलं, ही तुमची मुलगी ना? तो म्हणाला, “मी नाही ओळखत.” तेवढं एक वाक्य. सून दोन्हीकडे निरोप नेऊन नेऊन थकली आणि आता ती दोघांशी फक्त हवापाण्याचं बोलते. म्हातारी सोमवारी एक वर्तमानपत्र गादीखाली सारते आणि गुरुवारी ते काढून दुसरं सारते. कधी चूक झाली, तर आलेला माणूस चहा अर्धा टाकून जातो.

त्या मंगळवारी मुलगा दारातूनच बोलत आला. “पाहिलंस तुझ्या लाडकीचं? रविवारी चौकाला बाबांचं नाव देतोय मी, नाव! सहा महिने ठराव घेऊन वणवण केली. आणि हिला आत्ताच फितूर शोधायचाय.” तिने त्याच्यापुढे पाणी ठेवलं. बावन्नावं वर्ष लागलं तरी तो अजून पेला दोन्ही हातांनी धरतो, सहा वर्षांचा असताना धरायचा तसा. “फितूर-बितूर काही नव्हतं, आई. त्या जागी बाबा बोलले. भट्टी विझवू नका म्हणाले, आणि स्वतःचं बोलणं लिहू नकोस असं तुला त्यांनीच सांगितलं असणार. मोठेपणा नको होता त्यांना.” त्याचे डोळे पाणावले. “दगडावर मी तेच कोरून घेतलंय. भट्टी विझू न देणारे कामगार नेते.” ती म्हणाली, “तुला कुणी सांगितलं हे?” “सांगायला कशाला पाहिजे? मुलगा आहे मी त्यांचा.” तो गेल्यावर ती पेला विसळत बराच वेळ नळापाशी उभी राहिली. नातीने त्या कोऱ्या जागेत डोकावून फितूर पाहिला होता. मुलाने बाप पाहिला होता. बैठकीच्या त्या खोलीत आणखी एक माणूस होता, पेन्सिल धरून, टेबलाच्या कडेला. आणि तो बोलला असेल हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिला हसू आलं.

संपाचा अठ्ठ्याऐंशीवा दिवस होता, दुपारची वेळ, शाळेचा हॉल. बाकं लहान मुलांची, त्यावर बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेले. तिला अजून फळ्यावरची न पुसलेली बेरीज आठवते. काचेची भट्टी चुलीसारखी विझवून पुन्हा पेटवता येत नाही. ती थंडावली की आतला रस दगड होऊन बसतो, भिंतींना तडे जातात, मग ती पाडूनच नवी बांधावी लागते. म्हणून संपातही सतरा माणसं आळीपाळीने भट्टी राखत होती, बिनपगारी. तिच्या नवऱ्याचं म्हणणं होतं, ही सतरा माणसं काढून घ्या. विझू दे. तो अध्यक्ष होता आणि घरीही ती त्याला थट्टेने अध्यक्षच म्हणायची. रागावला की तो मिनिटाला दीडशे शब्द बोलायचा, आणि खरं सांगायचं तर ती त्याच्या प्रेमात पडली ती त्या वेगामुळेच. दुसऱ्या कुणाचं बोलणं घेताना तिचा हात वाट बघत बसायचा. त्याच्या मागे मात्र तिला धावावं लागायचं. त्या दुपारीही ती धावत होती. ‘मालकाचं काळीज त्या भट्टीत आहे,’ असं तो म्हणाला, आणि तिने ते लिहिलं. लोकांनी बाकं बडवली, तेही लिहिलं, कंसात. अध्यक्षांनी विचारलं, “आणखी कुणाला बोलायचंय?” तेही लिहिलं. आणि मग आपण उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं. पेन्सिल हातातच होती. बोलणाऱ्याचा हात लिहीत नसतो, दोन्ही एकदम होत नाही. ती दोनच वाक्यं बोलली. “भट्टी विझवून जिंकलो, तर जिंकून परत जायचं कुठे? अध्यक्षांना माहीत असेल तर त्यांनी ते आत्ता सांगावं.”

पहिलं वाक्य तिने आठ दिवस मनात घोळवलेलं होतं. दुसरं कुठून आलं ते तिला आजही ठाऊक नाही. त्यात भट्टीपेक्षा वेगळंच काहीतरी होतं. अठ्ठ्याऐंशी दिवस घरात मीठ-पीठ कसं पुरवलं हे त्याने विचारलं नव्हतं, ते होतं. मुलाचा ताप होता. भीती होती, निव्वळ भीती. पण त्यासोबत हेही होतं, की भट्टीचं तोंड तिने पहिल्यांदा पाहिलं त्या दिवसापासून, तो नारिंगी पांढरा उजेड, ज्यापुढे माणसाला आपल्या हाताची हाडं दिसतील असं वाटतं, तो विझवायची कल्पनाच तिला सोसत नव्हती. मग कोणतं कारण खरं? तिने ही कारणं तांदूळ निवडावेत तशी इतक्या वेळा निवडली आहेत की आता खडा कुठला आणि दाणा कुठला ते तिला कळेनासं झालंय. हॉलमध्ये अध्यक्षांकडे उत्तर नव्हतं. पाच-सहा श्वास तो गप्प राहिला, आणि ज्याच्या मागे तिचा हात जन्मभर धावला त्या माणसाला शब्द सुचत नाही हे शंभरावर लोकांनी पाहिलं. ती खाली बसली. सवयीने पेन्सिल चालू झाली, पण जागा सोडून. मागून कुणीतरी ओरडलं, “बोलणं मागे घ्या!” ते तिने लिहिलं. मतदान. विझवू नका म्हणणारे एकसष्ट, विझवा म्हणणारे अठ्ठेचाळीस. मालकाला कळलं की ही माणसं आपल्याच भट्टीला घाबरतात, आणि नऊ दिवसांत संप अर्ध्या मागण्यांवर मिटला. अकरा वर्षांनी मालकाने स्वतःच भट्टी विझवली, कारखाना दुसरीकडे नेला, आणि तेव्हा कुणीही मतदान घेतलं नाही.

हॉलमधून बाहेर पडण्याआधी तिचा नवरा म्हणाला होता, “हा ठराव माझा म्हणून जाईल. दुसरं कुणाचं नाव या दारातून बाहेर जाणार नाही.” त्याने तिला लोकांच्या शिव्यांपासून वाचवलं की बायकोकडून हरल्याच्या बोभाट्यापासून स्वतःला वाचवलं? हा प्रश्न ती त्याच्या उशाशीही घेऊन झोपली, आणि नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हाही तो सुटलेला नव्हता. घरात भांडण झालं नाही, अबोला नाही. तो पूर्वीसारखाच हसायचा, पूर्वीसारखाच उशिरा यायचा. पण पुढच्या बैठकीपासून वही एका पॅकिंगवाल्याच्या हातात गेली, आणि नवऱ्याने तिला पुन्हा कधी मजकूर सांगितला नाही. एकदासुद्धा नाही. साधी पाहुण्यांना लिहायची चिठ्ठीही तो स्वतः लिहायचा, आपल्या त्या किरट्या, घसरत्या अक्षरात. दुपारी काम उरकल्यावर तिचा उजवा हात कधीकधी मांडीवर आपोआप चालायचा. कुणाच्या मागे, कुणास ठाऊक.

बुधवारी फोरमनच्या मुलीचा फोन आला. फोरमन त्या वेळी भट्टीवरच्या सतरांपैकी एक होते, बढती नंतरची. आता चौऱ्याऐंशीचे, दोन थांबे पलीकडे मुलीच्या घरी. “काकू, आमच्या दारावर कुणीतरी तेच पत्रक चिकटवलंय,” ती म्हणाली. “खालचा दुकानदार, ज्याच्याकडून बाबा तीस वर्षं ब्रेड घेतात, त्याने काल मान फिरवली. बाबांना विचारलं, कोण बोललं होतं, तर नुसते हसतात. म्हणतात, मी झोपलो होतो त्या बैठकीत. काकू, बाबा असं करतील का हो?” प्रश्न विचारताना तिचा आवाज थोडा खाली गेला होता. पोटच्या मुलीच्या मनातही एक कुसळ शिरलं होतं. टिपणबाईने फोन ठेवला आणि चष्मा पुसला. हॉलमधल्या एकशे दहा माणसांपैकी बहुतेक गेली. जी उरली त्यांना कुणी विचारत नाही. एक म्हातारा मात्र तिच्यासाठी दारावर कागद वागवत बसला होता, आणि तो कागद तिच्याच वहीतला होता. तिने मुलाला फोन केला, मग नातीला. दोघांना एकच वाक्य सांगितलं: “उद्या सहा वाजता ये, आणि दुसरं कोणी दिसलं तर परत फिरू नकोस.”

ते आले. आई मेल्याशिवाय एका टेबलाशी बसणार नाहीत असं ज्यांच्याबद्दल सून म्हणायची, ते बसले, एक या टोकाला, एक त्या टोकाला, दोघेही खिडकीकडे बघत. तिने चहा ओतला नाही. चहा ओतला की माणसं ऐकत नाहीत. “त्या कोऱ्या जागी मी बोलले,” ती म्हणाली. “अध्यक्षांना भट्टी विझवायची होती. मी नको म्हणाले. मतदान माझ्या बाजूने गेलं. लिहिलं नाही, कारण मी उभी होते.” आधी दोघांनाही ते कळलंच नाही. मग मुलाचा चेहरा उतरला. “बाबांना… विझवायची होती?” “हो.” “कारखाना बुडवायचा होता त्यांना?” “जिंकायचं होतं.” आणि नात, जिच्या तोंडाला कधी विश्रांती नसते, ती आजीकडे अशी बघत होती जशी एखाद्या नव्या भाडेकरूकडे बघावं. “म्हणजे संप तू मोडलास,” ती शेवटी म्हणाली. “आजी, माझ्या गोदामातल्या बायका संपातली टिपणबाई म्हणून तुझा फोटो लावतात गं भिंतीवर.” “मग काढा,” म्हातारी म्हणाली. “नाहीतरी त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.”

कुणी हसलं नाही. मग मुलगा टेबलावर बोटाने रेघ ओढत म्हणाला, “आई, हे बाहेर कशाला? दगड कोरून झालाय.” आणि आश्चर्य असं, की नात म्हणाली, “बाबा बरोबर बोलताहेत.” दोन वर्षांत तिने ‘बाबा’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. “मी पत्रकं काढून घेते. फोरमनआजोबांचं नाव पुन्हा कुठे येणार नाही. पण तुझंही नको, आजी. समोरचे याचं काय करतील तुला माहीत नाही.” “समोरचे म्हणजे मीच,” मुलगा म्हणाला. “मी काही करणार नाही.” “तुम्ही नाही, तुमची माणसं.” “माझ्या माणसांना मी आवरीन. तू तुझ्यांना आवर.” “आवरते.” नातीने उठून चहा ओतला. बापाच्या कपात साखर अर्धाच चमचा घातली, न विचारता. तोही न विचारता प्याला. “कोरी जागा कोरीच राहू दे,” त्यांच्यापैकी कोण म्हणालं हे तिला नंतर आठवेना, इतके ते दोघे एका सुरात बोलत होते. नातीने त्याच्या बाहीवरचा दोरा काढून टाकला. म्हातारी हे सगळं बघत होती. तिला वाटलं, एवढंच तर मागत होते. मंगळवार आणि शुक्रवार मिळून एक दिवस. आणि त्याची किंमत काय, तर जे आयुष्यभर केलं तेच आणखी थोडा काळ करायचं, खोलीत नाही असं राहायचं. तिला अगदी भरून आलं होतं. कुणी त्या क्षणी शपथ घे म्हटलं असतं, तर तिने घेतलीही असती. पण तिला दिसला तो ब्रेडवाला, मान फिरवणारा. कागद काढता येतो. फिरलेली मान कोण परत वळवणार? आणि दुसरी गोष्ट दिसली, ती जास्त कडू होती. हे दोघं जवळ आले होते ते एकमेकांना समजून घेऊन नव्हे. एक म्हातारी बाई मध्ये पुरून तिच्यावर त्यांनी टेबल मांडलं होतं. “चहा संपवा,” ती म्हणाली. “आणि रविवारी वेळेवर या.” “म्हणजे?” दोघं एकदम म्हणाले. तिने कप गोळा केले. “म्हणजे मी बोलणार आहे.” नात रडली, मुलाने खुर्ची जोरात सारली. जिन्यात त्या दोघांचे आवाज पुन्हा चढलेले तिला ऐकू आले, तरी ती गॅलरीत जाऊन त्यांना हाक मारायला उठली नाही.

शुक्रवारी ती फोरमनकडे गेली. दारावर खरवडल्याची खूण होती, एक लाल कोपरा अजून चिकटलेला. ते खिडकीशी बसले होते, पायांवर चादर. भट्टीवर काम केलेल्या माणसाच्या भुवया पुन्हा नीट येत नाहीत, म्हणून त्यांचा चेहरा कायम नुकताच आश्चर्य वाटल्यासारखा. “वहिनी, इकडून बोला, हा कान अजून नोकरीत आहे,” ते म्हणाले. तिने सांगितलं. रविवारी मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार, त्या जागी मी बोलले. “कशाला?” “तुमच्या दारावर कागद लावला म्हणून.” “कागदाचं काय घेऊन बसलात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला वाळीत टाकून लोक असं काय हिरावून घेतील? मी कुठे जातो-येतो.” ती म्हणाली, “तुम्ही माझ्या बाजूने हात वर केलात आणि पुन्हा माझ्यासाठी गप्पही बसलात. हे उपकार मी किती—” “कुणी हात वर केला?” ते म्हणाले. “तुम्ही.” फोरमन हसायला लागले. हसता हसता खोकले, मुलगी पाणी घेऊन आली, त्यांनी तिला हातानेच जा म्हटलं. “वहिनी, मी तुमच्या विरोधात मत दिलं होतं. अठ्ठेचाळिसांत मी होतो. हे एवढे आकडे लिहिलेत, माणसं नाही पाहिलीत?”

तिने खरंच पाहिली नव्हती. खाली मान घालून ती आकडे लिहीत होती. सेहेचाळीस वर्षं ती धरून चालली होती, की भट्टीवरचा माणूस भट्टीच्याच बाजूने असणार. “पण भट्टी तर तुम्ही राखत होता!” “म्हणूनच. मालकाची भट्टी आम्ही सतरा जण फुकट राखत होतो, आणि तो गादीवर पडून बघत होता आमचे पाय कधी लटपटतात ते. विझवायलाच पाहिजे होती. तीन दिवसांत गुडघ्यावर आला असता.” त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. “तुम्ही चुकलात, वहिनी.” हे वाक्य तिला आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. नवऱ्याने त्याऐवजी वही काढून घेतली होती. काल मुलाने आणि नातीने त्याऐवजी तोंड बंद ठेव म्हटलं होतं. सरळ, शेजारी बसून, चांगल्या कानाच्या बाजूने, तुम्ही चुकलात म्हणणारा हा पहिलाच माणूस. तिच्या अंगातलं काहीतरी सैल झालं, जुनी गाठ सुटताना बोटांना जाणवतं तसं. “मग इतकी वर्षं सांगितलं का नाही कुणाला?” “मतदानात हरलो होतो,” फोरमन म्हणाले. “हरलेल्या माणसाने चुगल्या करत फिरायचं असतं का?”

तिने तिथूनच मुलाला फोन लावला. त्याचा आवाज अजून बसलेला होता. “ऐक,” ती म्हणाली, “रविवारच्या वक्त्यांत दोन नावं वाढव. आधी मी. मग फोरमन. ते माझ्या विरोधात बोलतील.” “आई, तू हे कशासाठी करतेयस?” “तुझा बाप, तुझी मुलगी, तू, सगळ्यांना जिंकायचंच माहीत. मतदानात हरलेला माणूस कसा बसतो ते एकदा येऊन बघा. मग तुम्हा दोघांना काय बोलायचं ते बोला. दगड बदलायचा की तसाच ठेवायचा ते तिथे ठरेल, हात वर करून.” “आणि तिने ऐकलं नाही तर?” “तिला मी सांगते. पहिल्या रांगेत बसून लिहून घे म्हणून सांगते. सगळ्यांचं. तुझंसुद्धा.” फोन त्याने आदळला नाही, हळूच ठेवला. तो नाही म्हणेल, जिन्यात अडवेल, माईक बंद ठेवेल, हे सगळं शक्य होतं. माईकशिवाय ती एकदा बोलली होतीच. फोरमननी मुलीला हाक मारून पांढरा शर्ट इस्त्रीला टाकायला सांगितलं, मग म्हणाले, “मला किती वेळ आहे बोलायला?” “माझ्याइतकाच.” “पुरेल. सेहेचाळीस वर्षं तयारी झालीय.” “माझीही,” ती म्हणाली. मग तिने खुर्ची त्यांच्या चांगल्या कानाजवळ ओढली, पदर खोचला, आणि विचारलं, “मालक तीन दिवसांत गुडघ्यावर कसा आला असता, ते आधी मला सांगा.”